वाल्देमारची एक खुर्ची

वाल्देमार तेचेरा आणि मी आयुष्यभर माँटेव्हिडिओत लोकांची घरं हलवली. जिन्यात तो वरच्या टोकाला, मी खालच्या. खालच्यावर वजन जास्त येतं. पण वरचा उलटा चढतो, त्याला पायरी दिसत नाही. म्हणून वरच्यानं बोलायचं आणि खालच्यानं ऐकायचं, असा आमच्या कामातला नियम. ती सवय पुढेही राहिली. बोलायचं त्यानं, ऐकायचं मी. तो मला लुकड्या म्हणायचा. पुढे माझं पोट सुटलं, नाव तेच राहिलं.

लोकांचं सामान वाहून वाहून त्याला वस्तूंचा वीट आला, असं काहीजण म्हणत. तसं नव्हतं. चांगलं टेबल दिसलं की तो सांध्यावरून बोट फिरवून बघायचा, कोणी केलंय विचारायचा. फक्त स्वतःकडे ठेवायचा नाही. त्याचं म्हणणं एवढंच, की आपलं सामान आपल्याला एका खेपेत खाली नेता आलं पाहिजे, कुणाला हाक न मारता. बायको गेल्यावर त्यानं घरातलं एकेक ज्याचं त्याला देऊन टाकलं आणि पालेर्मो भागात सुल्माबाईंच्या घरी वरच्या मजल्यावर खोली घेतली. पलंग सुल्माबाईंचा. त्याचं स्वतःचं म्हणजे एक खुर्ची, एक पातेलं, एक ताटली, अंगावरचे सोडून दोन सदरे, थर्मास, आणि येर्बाचा कडू पाला गरम पाण्यात घालून प्यायचा पोकळ भोपळा नि त्याची नळी. मी गेलो की पलंगावर बसायचो.

रोज सकाळी आम्ही चालायला जायचो. उतारानं रांब्लावर, म्हणजे किनाऱ्याच्या रस्त्यावर, तिथून पाण्याच्या कडेनं गळवाले बसतात त्या खडकांपर्यंत. जाताना बोलायचं नाही. पहिल्या आठवड्यात मी माझ्या गुडघ्याचं रडगाणं सुरू केलं, तेव्हा तो जागीच थांबला. माझं संपेपर्यंत उभा राहिला आणि मग पुढे निघाला. असं रोज झालं. शेवटी मीच गप्प बसलो.

एकदा खडकांवर मी त्याला विचारलं, की गप्प चालून मिळतं काय.

तो म्हणाला, "खांद्यावर पियानो असताना तू कशाचा विचार करायचास?"

"पुढच्या पायरीचा."

"मग पियानो उतरवलास म्हणून पायरी सोडायची?"

मला ते तेव्हा अर्धंच कळलं. पण हळूहळू मला रस्ता दिसायला लागला. कुठल्या घराचा दरवाजा नव्यानं रंगवलाय, कुठली फरशी डुगडुगते, पाण्याचा रंग काल मातकट होता आणि आज हिरवा आहे. इतकी वर्षं त्याच रस्त्यांवरून गेलो होतो, पण खांद्यावर कपाट घेऊन.

खडकांवर पोचलं की तो भोपळ्यात गरम पाणी ओतायचा. एकच भोपळा. तो प्यायचा, मग मी, मग पुन्हा तो. आमच्याकडे भोपळा परत देताना तोंडातून शब्द काढायचा नाही. 'आभारी आहे' म्हटलं की त्याचा अर्थ बस्स, आता मला नको. शेंबडं पोरसुद्धा हे जाणतं. आम्ही दोघांनी ते एकमेकांना कधीच म्हटलं नाही. थर्मास रिकामा झाला की उठायचो.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी येर्बा पिता पिता त्यानं मला विचारलं, ट्रकवाल्याला पत्ता सांगितलास ना. मी म्हटलं, कुठला ट्रक? तो हसला आणि म्हणाला, गंमत केली. मीही हसलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत औषधांच्या दुकानासमोरची सैल फरशी त्याच्या पायाखाली फिरली. कपाळ फुटलं, मनगट मुरगळलं. दवाखान्यातली समाजसेविका त्याला घरी पोचवायला आमच्याबरोबर आली. वयानं लहान, स्वभावानं चांगली. तिनं खोली बघितली. बराच वेळ बघितली. मग हळूच विचारलं, "आजोबा, बाकीचं सामान कुठेय तुमचं?"

"पोचवलं," वाल्देमार म्हणाला.

"कुठे?"

"ज्याचं त्याला."

ती माझ्याकडे वळली. हा असाच राहतो, त्याला असंच आवडतं, असं मी तिला सांगितलं. तिनं मान हलवली. खाली जाऊन तिनं निबियाला फोन लावला.

निबिया त्याची एकुलती एक मुलगी, माल्दोनादोला असते. ती दुसऱ्याच दिवशी आली आणि दारातच रडायला लागली. ती काही वाईट नाही. महिन्यातून एकदा येऊन ती बापाला बाहेर जेवायला न्यायची, खोलीत फारशी बसायची नाही. बसणार तरी कशावर? लोक म्हणतील पोरीनं बापाला एका खुर्चीवर ठेवलंय, असं ती म्हणाली.

"एका वेळी किती खुर्च्यांवर बसू?" तो म्हणाला.

तिला हसू आलं नाही. समाजसेविका गुरुवारी पुन्हा येणार होती. खोली माणसानं राहण्यासारखी दिसली आणि हा नीट बोलला, तर इथेच राहू दे. नाहीतर माल्दोनादोला, निबियाच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात. तिथलं फाटक बंद असतं. हे मला निबियानं जिन्यात सांगितलं आणि विचारलं, "काका, तुम्ही रोज बरोबर असता. ते बरे आहेत ना?"

मी म्हटलं, आहे. ट्रकचं सांगितलं नाही.

खोली भरायची युक्ती सुल्माबाईंची. त्यांच्या बैठकीतली आरामखुर्ची, पडदा, दोन तसबिरी आणि काचेचं कपाट ग्लासांसकट चार दिवस वर नेऊन ठेवायचं. त्या वाल्देमारला म्हणाल्या, "बाई येऊन जाईपर्यंत माणसासारखा राहा. मग पुन्हा साधू हो." त्यानं मान डोलावली. बुधवारी आम्ही सामान चढवलं. मनगटाला पट्टी होती तरी वरचं टोक त्यानंच धरलं. "लुकड्या, कोपरा. थांब. डावीकडे. ये." आवाज तोच, पूर्वीचा. कपाट भिंतीला कुठे लागलं नाही. फार दिवसांनी तो इतका खूष दिसला. मला वाटलं, ठरलेलं त्याच्या ध्यानात आहे.

गुरुवारी सकाळी मी त्याला चालायला न्यायला गेलो, तर सगळं सामान फुटपाथवर. आरामखुर्ची, तसबिरी तोंडाला तोंड लावून बांधलेल्या, पडद्याची घडी. कपाटाची दारं दोरीनं आवळलेली, ग्लास एकेक करून कागदात. एवढं कपाट त्यानं एकट्यानं उतरवलं होतं. मी फिरून बघितलं, एक ओरखडा नव्हता. तो स्वतः फुटपाथच्या कडेवर बसला होता. गिऱ्हाइकाच्या सामानावर आम्ही बसत नाही.

"ट्रक उशीर करतोय," तो म्हणाला.

मी त्याला समजावलं, की हे सुल्माबाईंचं आहे, परत वर न्यायचंय, ती बाई आत्ता येईल. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, उतरवलेलं सामान परत चढवत नाहीत. त्याचं बरोबर होतं. आमच्या कामात तसं करत नाहीत. सुल्माबाई खाली आल्या. मी कपाटाचं खालचं टोक उचललं, वरचं त्यांनी धरलं. तिसऱ्या पायरीवर त्यांचे हात सुटायला लागले. वरून बोलणारं कुणी नव्हतं. आम्ही ते पुन्हा खाली टेकवलं, आणि तेवढ्यात निबिया आणि समाजसेविका कोपऱ्यावरून वळल्या.

मी सांगायला लागलो. मूळची खोली रिकामी का, मग ती भरली का, आणि आता हे रस्त्यावर का. जितकं सांगत गेलो तितकं ते वेड्यासारखं वाटत गेलं. माझं मलाच ऐकू येत होतं. समाजसेविकेनं वाकून त्याचा हात धरला आणि हे कुणाचं सामान आहे, असं विचारलं.

"माझं नाही," तो म्हणाला.

ते खरं होतं. पण आता त्याचा कुणाला उपयोग नव्हता.

शनिवारी निबिया मोठी गाडी घेऊन आली. मागची जागा रिकामीच राहिली. तो एका खेपेत खाली आला, एका हातात पिशवी, दुसऱ्यात खुर्ची, कुणाला हाक न मारता. खुर्ची वृद्धाश्रमात चालत नाही म्हणून निबियानं ती माझ्याकडे दिली. त्यानं मागे वळून बघितलं नाही. खुर्ची सुटल्यावर तो हात तसाच अर्धवट मिटलेला राहिला.

रविवारी मी बसनं जातो. वृद्धाश्रम स्वच्छ आहे, जेवण वेळेवर, खोलीत टीव्ही, टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर कुणाच्यातरी नातवंडांचे फोटो. बाहेरच्या बागेला फाटक आहे, ते कुलपात. तो ओसरीत चालतो. टोकाला जाऊन भिंतीला हात लावतो आणि परत फिरतो. पाय अजूनही बघून टाकतो.

परवा मी येर्बा आणि थर्मास नेला. बाकावर बसलो. पहिला भोपळा मी प्यायलो, दुसरा भरून त्याला दिला. नळीचा आवाज येईपर्यंत तो सगळा प्यायला. त्यानं भोपळा परत दिला, माझ्याकडे बघितलं आणि अदबीनं म्हणाला, "आभारी आहे."

ओळख नसलेल्याला म्हणतात तसं म्हणाला, की पुरे झालं म्हणून म्हणाला, ते मला कळलं नाही. मी पुन्हा भरला आणि पुढे केला. त्यानं हातानंच नको म्हटलं, उठला आणि चालायला लागला.

थर्मास जवळजवळ भरलेला होता. मी तिथेच बसून, तो भिंतीपासून परत येईल तेव्हा तेव्हा त्याच्याकडे बघत, सगळं पाणी एकट्यानं संपवलं.