उंदरांना शिकवणारी शेजारीण

“आधी काय? मग काय?” असं ती विचारायची. कुणी काही सांगायला लागलं, की डोकं जरा तिरकं करून, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे नाही, हातांकडे बघत. आमच्या गॅसवाल्याला तिने एकदा हेच विचारलं, तेव्हा तो बिचारा सिलिंडर खाली ठेवून विचार करत उभा राहिला. तुमच्याही आळीत असं एखादं माणूस असेल. लोक त्याला हुशार म्हणतात आणि त्याच्याकडे फारसे जात नाहीत.

रत्नागिरीत ती आली ती आईसाठी. आईला विसरण्याचा आजार जडला होता. त्याआधी बरीच वर्षं ती बंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत उंदीर शिकवत होती. मी शाळेत मुलं शिकवून निवृत्त झालेली. मला हसू आलं. तिलाही आलं.

“पेटीत तीन भोकं असतात, काकू. आधी डावीकडच्यात नाक घालायचं, मग मधल्यात, मग उजवीकडच्यात. क्रम जमला, की मेंदूत बसवलेल्या केसाएवढ्या काचेच्या तारेतून प्रकाश सोडायचा.”

“खाऊ नाही?”

“नाही. ‘पुन्हा कर’ असं सांगणारी मेंदूतली जागाच उजळायची. म्हणून उपाशी ठेवावं लागत नाही त्यांना.” हे सांगताना तिला फार बरं वाटत होतं.

“आणि शेवटी काय करता त्यांचं?”

“शेवटी मेंदू कापून बघावा लागतो, तार बरोबर जागी होती का. ते मीच करायचे. दुसऱ्या कुणाच्या हाती द्यावंसं वाटायचं नाही.”

आई दिवसभर खिडकीशी बसून असायची, हात मांडीवर. पूर्वी तिच्या घरून चहा न घेता कुणी परत गेलं नव्हतं. आता ती पाणी न घालताच पातेल्यात पावडर टाकायची. मुलीने गॅस बंद केला, विजेची शेगडी आणली आणि आईला चहा शिकवायला घेतला. शेवटाकडून सुरुवात. आधी तयार चहा नुसता कपात ओतायचा, ते जमलं की गाळायचा, असं करत मागे मागे. आई थोडं करायची आणि मधेच हात सोडून द्यायची. लाडू देऊन झाले, जुनी गाणी लावून झाली, शाबासकी देऊन झाली.

“बक्षीस सापडत नाहीये, काकू,” ती म्हणाली. “आणि आईच्या डोक्यात काही तार घालता येत नाही.”

एक दिवस मी फणसाचे गरे द्यायला गेले. मला बघून आई उठली. “ये गो, बस. वाईच चहा घे.” आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. पाणी, पावडर, दूध, गाळणं. साखर राहिली. मी तो चहा पिताना आईचा चेहरा असा फुलला होता, की मुलगी दारातच खिळली.

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, “रोज चारला याल?”

माझ्या घरी तरी माझी वाट बघणारं कोण होतं? मी जाऊ लागले. बहिणीकडे सावर्ड्याला गेले, की आई उठत नसे.

“मी नसेन तेव्हा तू बस की पुढ्यात,” मी म्हटलं.

“बसून बघितलं. मला बघून ती उठत नाही. मी पाहुणी नाही ना.” आपला चहा ती मोरीपाशी उभी राहून प्यायची, निवलेला.

मग एका सकाळी ती आमच्या कुंपणाच्या दगडी गडग्यापाशी आली. पायात चप्पल नव्हती.

“आज आईने मला ‘कुठच्या गो तुम्ही?’ असं विचारलं. बसवलं. चहा केला. साखर घालून.”

“तू काय सांगितलंस?”

“म्हटलं, लांबून आले.” ती आईच्या खिडकीकडे बघत होती. “काय चेहरा झाला होता तिचा, काकू. मला बघून.” मग म्हणाली, “थोडे दिवस मी एकटीच जाऊ का चारला?”

त्यानंतर माझ्या पडवीतून रोज दिसायचं. ती मागच्या दाराने बाहेर पडायची, विहिरीला वळसा घालून पुढे यायची, केस सारखे करायची आणि स्वतःच्याच घराची बेल वाजवायची. आतून आईचा आवाज यायचा, “ये गो, ये.”

थंडीत आई अंथरुणाला खिळली आणि आंबे पिकायच्या आत गेली. मुलगी बंगळुरूला परत गेली. घराला कुलूप आहे, किल्ली माझ्याकडे.

अधूनमधून तिचा फोन येतो. नवी नोकरी आहे, पण उंदरांची नाही. मी विचारते, जेवतेस ना वेळेवर? ती हो म्हणते. मग दोघींकडचं बोलणं संपतं. मी ‘बरं तर’ म्हणायला जाते.

“काकू, एवढ्यात ठेवू नका हां.”

मी ठेवत नाही. तिच्याकडच्या गाड्या मला ऐकू येतात. माझ्याकडचं तिला काय ऐकू येतं, कोण जाणे.