शुक्रवारची घरं

भिवंडीत शुक्रवारी लूम बंद असतात. तेवढाच एक दिवस इथे माणसाला माणसाचं बोलणं नीट ऐकू येतं. मी उभं आयुष्य लूमवर जॉबर होतो, बिघडलेले माग दुरुस्त करायचो. खडखडाटानं कान नेले आणि आवाज चढवून ठेवला. राग मात्र माझा स्वतःचा, जन्मापासूनचा.

काम सुटल्यावर घरात बसून मी भिंतींवरसुद्धा खेकसायला लागलो. तेव्हा बायको म्हणाली, "अवो, चला, भिवंडीतली जुनी घरं बघू. सारा जन्म हितं काढला तुमी, पन लूमशिवाय काय बघितलं?"

काही नव्हतं बघितलं. मग दर शुक्रवारी आम्ही काल्हेरहून शेअर रिक्षानं धामणकर नाक्यावर उतरायचो आणि तिथून पायी जुन्या आळ्यांत शिरायचो. पिशवीत तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या जवळ्याची चटणी, कधी वालाचं बिरडं. कोरीव खांब, रंगीत काचांची खिडकी असं काही दिसलं की ती थांबायची. घरात शिरायची तिची युक्ती साधी होती. दारात उभं राहून पाणी मागायचं. "पान्याला न्हाय बोलनारा मानूस मी अजून बघितला न्हाय," म्हणायची. पाणी पिता पिता ती घरच्या बाईशी असं काही बोलायची, की दहा मिनिटांत आम्ही माजघरात. नंतर त्यांच्याच ओट्यावर डबा उघडायचा. एका घरातून तर आम्हाला आंब्याचं लोणचंही मिळालं, आणि वर पुन्हा यायचं आमंत्रण.

पण ती शोधत होती एकच घर. तिचं माहेर जवळच्याच वळ गावचं. तिची आई डोक्यावर भाजीची पाटी घेऊन भिवंडीत यायची, आणि मागोमाग ही. एका मोठ्या घरी भाजी ठरलेली होती. "आयला मागल्या दारानं घ्याचे," असं ती एकदा जेवताना सहज बोलून गेली. माझ्या डोक्यात ते रुतलं. मी मनाशी ठरवून टाकलं, की हे घर सापडलं की माझी बायको पुढच्या दारानं आत जाणार. तिला काय वाटतं, ते मी विचारलं नाही. माझं नेहमीचंच.

पाच-सहा शुक्रवार गेले तेव्हा कुठे ते घर सापडलं, लूमच्या दोन शेडच्या मधे अंग चोरून उभं असलेलं. ओटीवर एक म्हाताऱ्या बाई लसूण सोलत बसल्या होत्या. बायकोनं पाणी मागितलं, मग आईचं सांगितलं. बाईंच्या हातातला लसूण तसाच राहिला. "वळची भाजीवाली? अगो, तिची पोर तू?" त्या नव्या नवरी असताना तिच्याकडून भाजी घ्यायच्या. लगबगीनं उठल्या. "पोरं नमाजाला गेलीत, पण तुम्ही या. पुढची खोली भाड्यानं दिलीय, दारापर्यंत कापडाचे तागे भरलेत. मागच्या दारानं या."

मागच्या दारानं! माझं टाळकं सटकलं. "तिची आई मागून आली म्हणून हिनंही मागूनच यायचं काय? जमाना बदलला, बाई!" आख्ख्या आळीनं ऐकलं असेल. बायको माझी बाही धरून "अवो, ऐका तरी" म्हणत होती. मी कुठला ऐकतोय! तिचा हात धरून तिला आळीबाहेर काढली.

डबा तलावाच्या काठी उघडला. तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि हातातच धरून बसली.

"मना त्याच दारानं जाचं व्हतं," ती म्हणाली. "माझी आय पाटी उतरवून तिथं पायरीवर बसाची. दिवसभरात तेवढीच ती बसलेली मी बघितली."

 मी म्हणालो, "पुढच्या शुक्रवारी जाऊ." ती म्हणाली, "बघू."

पुढच्या शुक्रवारी पाहुणे आहेत असं मी सांगितलं. त्याच्या पुढच्या शुक्रवारी गुडघा दुखतो म्हटलं. खरं म्हणजे त्या बाईंना तोंड दाखवायची लाज वाटत होती. पुढे बायकोलाच चालवेना. मग दवाखाने, मग मोठं इस्पितळ. रोग पोटात पसरल्याचं डॉक्टरांनी मला सांगितलं, तेव्हा ती खाली मान घालून बसली होती. त्यानंतर ती जेमतेम महिनाभर राहिली.

तिला जाऊन काही महिने झाल्यावर एका शुक्रवारी मी एकटा त्या घरी गेलो. माफी मागितली आणि ती गेल्याचं सांगितलं. बाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"मला वाटलंच," त्या म्हणाल्या. "यायची बंद झाली, तेव्हाच वाटलं."

मला काही समजेना. "कोण यायची?"

"तुमची बायको. मंगळवारची यायची, दुपारची. मागच्या पायरीवर बसायची घटकाभर. मी चहा द्यायची."

मंगळवारी ती बहिणीकडे जाते, असं मला सांगून निघायची. मी दुपारी जेवून झोपलेला असायचो. ज्या बाईंवर मी ओरडलो, त्यांच्याकडे माझी बायको माझ्यापासून लपून येत होती.

"डॉक्टरचा कागद पण पहिला मलाच दाखवला," बाई सांगत होत्या. "मी बोलले, अगो, घरी सांग. तर म्हणाली, ते गुस्सा करतील. डॉक्टरवर ओरडतील, माझ्यावर ओरडतील. चार दिवस शांत जाऊ दे, मग सांगते."

"हे कधीचं?"

बाईंनी आठवून सांगितलं. डॉक्टरांनी मला सांगितलं, त्याच्या दोन महिने आधीचं होतं ते.

ते दोन महिने हाताशी असते तर काही करता आलं असतं का, हे डॉक्टरांना विचारायला मी दोनदा त्या इस्पितळाच्या दारापर्यंत जाऊन आलो. विचारायची हिंमत झाली नाही.