चेंडू त्या टोकाला जाऊ दे

शनिवारी सकाळी आंघोळ झाल्यावर मी देव्हाऱ्यातला बाळकृष्ण उचलला आणि पाण्याने भरलेल्या पितळी वाटीत ठेवला. एकट्यालाच शिक्षा कशाला, म्हणून शेजारचा गणपतीही ठेवला. देव पाण्यात घालणं ही माझ्या सासूबाईंची पद्धत. नवस बोलण्याइतकाही धीर नसेल तेव्हा देवालाच वेठीला धरायचं. काम झालं की बाहेर काढू, तोवर बस गार पाण्यात. मी आयुष्यभर या प्रकाराला हसत आले. बँकेत नोकरी केली, कर्ज मागणाऱ्यांच्या शपथा ऐकून कान किटले, त्यामुळे देवाशी असली सौदेबाजी मला पटायची नाही. त्या दिवशी मात्र वाटी ओट्यावरच्या डब्यांच्या मागे सरकवली आणि नवऱ्याला दिसत नाही ना, ते दोनदा पाहून घेतलं.

अडचण अशी होती की मागायचं काय, हेच मला सांगता येत नव्हतं. मेलबर्नला दुपारी फुटबॉलची मोठी मॅच होती, आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी, आणि त्या मैदानावर माझी मुलगी असणार होती. खेळायला नाही. ती गोल अंपायर आहे. खेळणाऱ्याची आई देवाला म्हणू शकते, आमच्या बाजूला जिंकू दे. अंपायरच्या आईने काय म्हणायचं? शेवटी हात जोडून म्हटलं, चेंडू तिच्याकडे येऊ देऊ नकोस. आलाच तर सरळ येऊ दे. आणि काहीही होवो, तिच्याकडे कोणाचं लक्ष जाऊ देऊ नकोस.

हा आपल्या ओळखीचा फुटबॉल नाही. मैदान लंबगोल, चेंडूही लंबगोल, पायाने मारायचा, हाताने पकडायचा, आणि त्यात एकमेकांच्या अंगावर इतकं धावून जायचं की पहिल्यांदा पाहताना मला वाटलं, भांडणच लागलंय. दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू गेला तर सहा गुण. त्यांच्या बाजूने गेला किंवा मधल्या खांबाला नुसता चाटून गेला, तर एकच. "नेम चुकला तरी एक गुण देतात! आमच्या बोर्डात असं असतं तर मी डॉक्टर झालो असतो," हे नवऱ्याचं ठरलेलं वाक्य. सहा की एक हे सांगायला त्या खांबांपाशी एक माणूस उभा असतो. सहा असले तर दोन पांढरे झेंडे हलवायचे, एक असला तर एक. माझी मुलगी तिथे शिकायला गेली, अंपायर कमी पडतात म्हणून एका मैत्रिणीने तिला लहान मुलांच्या सामन्यांना ओढत नेलं, आणि ती त्यात रमली. आता आठवडाभर ऑफिस करते आणि शनिवारी झेंडे घेऊन उभी राहते.

गेल्या वर्षी एका खालच्या दर्जाच्या सामन्यात तिने सहा गुण दिले. नंतर चित्रफितीत दिसलं की रेषेच्या आधी चेंडू एकाच्या बोटांना लागला होता, म्हणजे एकच गुण द्यायला हवा होता. हरलेल्या संघाच्या लोकांनी तिला शोधून काढलं आणि फोनवर काय काय लिहिलं, ते तिने आम्हाला वाचून दाखवलं नाही. फक्त एक सांगितलं, की परत जा असं लिहिलंय. त्यानंतर कितीतरी दिवस व्हिडिओ कॉलवर ती खोलीतला दिवा लावत नसे. एकदा म्हणाली, "आई, माझा माझ्या डोळ्यांवर विश्वासच राहिला नाही गं." मी इथे हडपसरला बसून काय करणार होते? नीट जेव, एवढंच म्हणाले.

मग हळूहळू ती परत उभी राहायला लागली, आणि आता एका अंपायरचा गुडघा दुखावला म्हणून तिला पहिल्यांदाच सगळ्यात वरच्या दर्जाच्या सामन्याला बोलावलं होतं. ही एक मॅच नीट झाली तर पुढे विचारतील. नाही झाली, तर यावेळी ती पुन्हा उठायची नाही, हे मला आई म्हणून पक्कं माहीत होतं. शुक्रवारी तिचा फोन आला. "तुम्ही दोघं बघू नका. तुम्ही बघताय हे डोक्यात राहिलं तर माझे पाय थरथरतील. शपथ घे." मी म्हटलं, "तुझी शपथ, नाही बघणार."

आणि शनिवारी नवऱ्याने मोबाइलवरून मॅच टीव्हीला जोडली तेव्हा मी त्याच्या शेजारीच उभी होते. पोटच्या पोरीची शपथ मोडली. आता काही वाईट झालं तर ते माझ्यामुळेच, हे मनात जे बसलं ते हललंच नाही.

कॅमेरा चेंडूच्या मागे धावतो. चेंडू तिच्या टोकाला आला तरच ती दिसायची, टोपी घातलेली, खांबांच्या मधोमध. एरवी लेक प्रत्यक्ष दिसत नाही म्हणून झुरणारी मी, ती दिसली की नजर चुकवत होते आणि दिसेनाशी झाली की मला बरं वाटत होतं. नवरा तर पहिल्या भागातच ओरडायला लागला, "अरे तिकडे मारा! त्या टोकाला जागा मोकळी आहे!" कोणत्या संघाला उद्देशून, ते त्यालाही माहीत नव्हतं. पहिला भाग संपला तेव्हा मी फ्रिजशेजारच्या स्टुलावर बसले होते. सगळं नीट पार पडलं होतं, म्हणून त्याने मला तिथून हलू दिलं नाही. "अहो, नळाला पाणी आलंय, टाकी भरायचीय," मी म्हटलं. "मी भरतो. तू उठू नकोस." क्रिकेटमध्ये आमच्या घरी हा नियम आहेच, जमलेली जागा सोडायची नाही. पाठ मोडली तरी मी बसून राहिले.

शेवटचा भाग चालू असताना खालच्या मजल्यावरचे काका पेपर मागायला आले. हे निवृत्त इंजिनिअर, रोज आमचाच पेपर वाचतात आणि बातम्या शिळ्या आहेत अशी तक्रारही करतात. मुलगी तिकडे ऑफिसात नोकरी करते, एवढंच आम्ही त्यांना सांगितलेलं. झेंड्यांचं कळलं असतं तर वर्षभर चेष्टा झाली असती. ते टीव्हीसमोर टेकले.

"आपण कोणाच्या बाजूने?"

"कोणाच्याच नाही," नवरा म्हणाला.

"मग आपल्याला एवढा घाम का सुटलाय?"

सामना संपत आला होता. घरचा संघ पाच गुणांनी मागे होता आणि चेंडू तिच्या टोकाला आला. एका धिप्पाड खेळाडूने धावता धावता लाथ मारली. चेंडू वर गेला, वाकडातिकडा फिरत डाव्या खांबाजवळून आत शिरला. सगळं मैदान उठलं. खेळाडू एकमेकांच्या गळ्यात पडले. सहा मिळाले की ते जिंकले. आणि माझी मुलगी हलली नाही. तिने मुख्य अंपायरला जवळ बोलावलं, खांबाकडे बोट दाखवलं, काहीतरी सांगितलं. चेंडू खांबाला लागला होता, असं तिचं म्हणणं. म्हणजे एकच गुण. म्हणजे ते हरले.

मग तोच चेंडू मोठ्या पडद्यावर पुन्हा पुन्हा, या बाजूने, त्या बाजूने, सावकाश. आम्हाला खांब दिसला, चेंडू दिसला, लागलेला दिसला नाही आणि न लागलेलाही दिसला नाही. लागला असू दे, एवढंच मी म्हणत होते, जणू जे घडून गेलं तेही वाटीतले देव बदलू शकणार होते. शेवटी सांगण्यात आलं की चित्रातून ठरत नाही, अंपायरचाच निर्णय कायम. आता उरला तो तिचा एकटीचा शब्द. तिने एकच झेंडा उचलला आणि हलवला. हजारो माणसं तिच्यावर ओरडत होती, आणि कॅमेऱ्याने तिचा चेहरा आमच्या भिंतीएवढा केला. नेमकं हेच नको म्हणून मी देव बुडवले होते.

"संपली ही बाई," काका म्हणाले. "आता हिला सोडायचे नाहीत."

"बाई नाही, माझी मुलगी आहे ती," मी म्हटलं. "आणि तिला दिसलं तेच तिने सांगितलंय. पेपर घ्या आणि जा."

काका खरंच गेले. पेपर इथेच राहिला. मी टीव्हीकडे पाहिलं, तर ती झेंडा जागेवर ठेवून सरळ उभी होती, हात मागे बांधून. घाबरली होती, आईला कळतं ते. पण मान खाली नव्हती. थोड्याच वेळात भोंगा वाजला आणि सामना संपला.

जेवण कोणाला गेलंच नाही. दुपारी तिचा फोन आला.

"जेवलात का?"

"हो. तुझी मॅच झाली?" मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं.

"झाली." मग म्हणाली, "पाहिली नाहीत ना?"

"छे गं. शपथ घेतली होती ना. सकाळी पाणी आलं, त्यातच गेला वेळ."

"हं. बरं."

त्या 'बरं'मध्ये मला सुटका ऐकू यायला हवी होती. ती नव्हती. शाळेच्या गॅदरिंगला आम्हा दोघांनाही रजा मिळाली नव्हती, तेव्हा घरी येऊन ती असंच 'बरं' म्हणाली होती आणि तोंडाचा रंग पुसत बसली होती.

"टोपीतून केस बाहेर आले होते तुझे," मी म्हटलं. "डावीकडून. पिन लावत जा."

मग ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली.

"आई, मला दिसला गं लागलेला. अगदी नीट दिसला."

"माहीत आहे मला."

"लोक काहीबाही लिहितायत. लिहू देत. पुढच्या शनिवारी तयार राहा म्हणालेत मला."

मी दिवा लावलाय का विचारलं. ती म्हणाली, "लावलाय की. का गं?"

फोन ठेवून स्वयंपाकघरात गेले तर नवरा ओट्याशी उभा होता, डबे बाजूला सारलेले. त्याला सकाळपासूनच ठाऊक होतं. "झालं ना काम?" तो म्हणाला. "काढ आता बिचाऱ्यांना बाहेर."

मी दोघांना बाहेर काढलं, कोरड्या फडक्याने पुसलं. वाटीतलं पाणी कोमट झालं होतं. ते तुळशीत ओतलं, नळाखाली वाटी पुन्हा भरली, आणि दोघांना परत आत ठेवलं.