दुपारचा राजा

बिदरबाहेर सुलतानांच्या कबरींवर मोठमोठे घुमट आहेत. लहानपणी मी अप्पांबरोबर तिथं मेंढरं चारायला जायची. अप्पांना, म्हणजे माझ्या वडलांना, वाचता येत नव्हतं. ते राजांना सावलीवरून ओळखायचे. हा सकाळचा, तो दुपारचा. "दुपारच्या राजाकडं चल," ते म्हणायचे, तवर मेंढरं तिकडं वळलेली असायची. गार फरशीवर माझा डोळा लागायचा. वर पारवे घुमायचे, आणि खाली राजाच घोरतोय असं वाटायचं.

परवा गेले तर नावांच्या पाट्या दिसल्या. वाचल्या, पण एकही राजा ओळखीचा वाटला नाही.

अप्पांना आम्ही आमच्या रीतीनं माळावर पुरलं. तिथं झाडसुद्धा नाही. येताना तिथं थांबले, तर माझीच सावली त्यांच्यावर पडली. मग बराच वेळ मी हललेच नाही.