बेबीताईंची जाकिटं

सिंगापुरातल्या यिशुन भागात राहणाऱ्या बेबीताई गजभियेंच्या कपाटात थंडीची चार जाडजूड जाकिटं होती. तिथल्या उकाड्यात ती घालून लिफ्टपर्यंतही जाववलं नसतं. पण ओळखीतलं कुणी बर्फात निघालं की हक्काने मागून न्यायचं. जाकिटांनी जपान पाहिलं, आइसलँड पाहिलं. बेबीताईंनी मात्र हौस असूनही थंडीच्या धास्तीने कुठलाच बर्फ पाहिला नव्हता.

यंदा जुलैत शेजारचे उल्का आणि वरुण पाठीवर सॅक टाकून न्यूझीलंडच्या ऐन हिवाळ्यातल्या कडाक्यात हिंडून आले. जाकिटं परत करताना उल्काने हिमवादळ, फाटका तंबू, बधिर बोटं असं सगळं साग्रसंगीत ऐकवलं.

"ताई, तुम्हाला नाही हो झेपायचं," ती मायेने म्हणाली.

ती गेल्यावर बेबीताईंनी धुवायला टाकण्याआधी खिसे उलटे केले. गरम पाण्याच्या कुंडाची चार तिकिटं, हॉटेलच्या खोलीचं कार्ड आणि दोघांच्या मसाजच्या वेळा लिहिलेली चिठ्ठी निघाली. तंबूने काही पुरावा ठेवला नव्हता.

बेबीताईंनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि नवऱ्याला हाक मारली.

"अहो, पुढच्या जुलैची रजा टाका. असले हाल मी सोसेन."