केसपेपरवरची खूण

डेंटलची सीट थोडक्यात हुकली म्हणून मी हायजिनिस्टच्या, म्हणजे डॉक्टरांच्या हाताखाली दात साफ करायच्या, दोन वर्षांच्या कोर्सला गेले. हे काम काय असतं, ते घरात कुणालाच नीट सांगता यायचं नाही. काचीगुड्यातल्या आमच्या गल्लीतल्या एक मावशी तर भेटल्या की विचारायच्या, "दात घासायला शिकवतात का गं कॉलेजात?"

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मात्र हा कोर्स पटला होता. ते एका लहान कंपनीत कारकून होते. ती कंपनी नुकतीच बाहेरच्या मोठ्या लोकांनी घेतली होती आणि जुन्या माणसांना घरी बसवणार अशी कुजबुज होती. शहरात दातांचे काचेच्या दारांचे नवे दवाखाने निघत होते. "लायसन हातात असलं की तुला कुणी घरी बस म्हणणार नाही," अण्णा म्हणायचे. ते ऐकलं की मला धीर यायच्याऐवजी, नापास झाले तर काय, हेच आधी मनात यायचं.

पहिलं वर्ष प्लॅस्टरच्या दातांवर गेलं. दुसऱ्या वर्षी खऱ्या माणसांची तोंडं समोर आली. दातावरचं कीटण खरवडायचं हत्यार पुढे आकड्यासारखं वळलेलं असतं. ते घसरलं तर हिरडी फाटते. आमच्या मॅडम मागून येऊन माझं बोट शेजारच्या दातावर टेकवायच्या. "आधी टेकू, मग जोर," एवढंच म्हणायच्या आणि पुढच्या खुर्चीकडे जायच्या.

त्या दिवशी कॉलेजच्या दवाखान्यात रांग लांब होती आणि आमच्यातल्या दोन मुली आल्या नव्हत्या. माझ्या खुर्चीत पन्नाशीच्या एक बाई बसल्या. नामपल्लीला स्टेशनच्या मागे राहायच्या, घरी शिवणकाम करायच्या. मुलाचं लग्न ठरलं होतं. तोंडाला वास येतो म्हणून नव्या व्याह्यांपुढे बोलायची त्यांना लाज वाटत होती.

"दुखता क्या, बेटा?" त्यांनी विचारलं.

"नक्को डरो, अम्मा," मी म्हणाले. भीती तर मलाच वाटत होती.

प्रत्येक पेशंटला साखर, ब्लडप्रेशर, हृदयाचा त्रास, चालू औषधं असे प्रश्न विचारून केसपेपरवर खुणा करायच्या असत. घाईत मी साखरेचं विचारलं, त्या नाही म्हणाल्या, आणि मी खाली सगळीकडे "नाही"च्या चौकोनात खुणा करत गेले. खाली सही केली.

खालचे दात झाले. थोडं रक्त आलं, ते येतंच. मी कापूस दाबला, काढला, पुन्हा रक्त. पुन्हा दाबला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. ओठांच्या कडेनं लाल ओघळ गळ्यावरच्या टॉवेलवर उतरला.

"अम्मा, कोई गोली खाते क्या?"

त्यांनी तोंडातला कापूस जिभेनं बाजूला सारला. "हौ. दिल की. खून पतला करने की छोटी गोली."

मी मॅडमना हाक मारली. त्यांनी मला बाजूला केलं, गॉजच्या कापडाची घडी घट्ट भरली आणि स्वतःच्या बोटांनी दाबून धरली. अर्धा तास त्या तशाच उभ्या होत्या. रक्त थांबलं. मग त्यांनी केसपेपर उचलला.

"विचारलं होतंस?"

"हो मॅडम. त्या नाही म्हणाल्या."

हे माझ्या तोंडून कसं गेलं, मला कळलंच नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. तोंड गॉजनं भरलेलं होतं. त्यांनी मॅडमकडे मान वळवली आणि अडखळत म्हणाल्या, "मैंच भूल गई बोलना."

मॅडमनी त्यांना, औषधं कधीही लपवू नका, असं समजावलं. बाईंनी खाली मान घालून ते ऐकून घेतलं. माझ्या वाट्याची बोलणी त्या खात होत्या.

दोन दिवस फोन वाजला की वाटायचं, त्यांचं काहीतरी झालं. तिसऱ्या दिवशी मी मॅडमच्या खोलीत गेले आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं. त्यांनी तो केसपेपर काढून माझी सही पाहिली. मग म्हणाल्या, "मी तुझ्यावर विश्वास ठेवून त्या बाईंना बोलले."

त्या सत्रात मला पुन्हा खुर्चीपाशी उभं राहू दिलं नाही. परीक्षेला लागणाऱ्या केसेस पुऱ्या होणार नव्हत्या, म्हणजे परीक्षाही मागच्या तुकडीतल्या मुलींबरोबर. सहा महिने वाया जाणार होते. घरी सांगायची मला सगळ्यात जास्त धास्ती होती. अण्णा पायातली चप्पल काढत होते. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "त्या बाई बऱ्या आहेत ना?"

ते मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी केसपेपरवरचा पत्ता शोधत मी नामपल्लीला गेले. बाई मशीनवर परकर शिवत होत्या. मला बघून त्या हसल्या.

"मैं मॅडम को सच बोल दी," मी सांगितलं.

"पागल है क्या! मैं बचाई ना तेरे कू."

"इसीलिए बोल दी, अम्मा."

त्यांनी मशीन थांबवलं. मी त्यांना म्हटलं, वरचे दात राहिलेत, हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन या. त्या "देखती" म्हणाल्या, पण येतील असं मला वाटलं नव्हतं. आठवड्यानं त्या चिठ्ठी घेऊन आल्या. वरचे दात मॅडमनी केले. मी शेजारी उभी राहून थुंकी ओढायची नळी धरली होती.

सहा महिन्यांनी मी परीक्षेला बसले. परीक्षक खांद्यावरून वाकून पाहत होते, तरी मी केसपेपरवरचा एकेक प्रश्न विचारूनच खूण केली. मी पास झाले. नोंदणीचं पत्र पोस्टानं आलं तेव्हा घरी फक्त आई होती. तिनं ते देव्हाऱ्यापुढे ठेवलं. मला आनंद झाला असेलच, पण आठवतं ते एवढंच, की मी तिला म्हणाले, "आई, आता काही चुकलं तर हाक मारायला मॅडम नसतील."

"खरं आहे," आई म्हणाली आणि ताट वाढायला आत गेली.