नाववाल्याचं झाकण

जिन्याखालच्या तिरप्या जागेत त्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक माणूस आत बसला की भरलं. गिऱ्हाइकाने बाहेरच उभं राहायचं. आत एक बुटकं स्टूल, एक लाकडी ठोकळा, डोळ्याला लावायचं भिंग आणि विजेवर थरथरणारी कोरायची सुई. दारावरच्या पाट्या, शर्यतीचे कप, घड्याळांच्या पाठी, कुत्र्यांच्या गळ्यातले बिल्ले, जे येईल त्यावर तो नाव घालून देई. जन्मभर लोकांची नावं घातली, पण त्याला स्वतःच्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. सगळे म्हणायचे नाववाला. बायको तेवढी ‘अहो’ म्हणायची, आणि चिडली की तेही नाही.

अक्षर असं वळणदार काढायचा की बघत राहावं. जीव मात्र चिमणीएवढा. दुकानाला कुलूप लावलं की ओढून बघायचा, थोडं पुढे जाऊन परत यायचा, पुन्हा ओढायचा. बायको म्हणायची, “ओढा, ओढा. एक दिवस कुलूप हातात येईल, मग खरोखरच चोरी होईल.”

या भित्रेपणातूनच त्याला एक सवय लागली होती. धातूवर चुकलेलं अक्षर खोडता येत नाही. म्हणून कुठलंही काम असो, आधी ते एका जुन्या ॲल्युमिनियमच्या झाकणावर कोरून बघायचं, जागेत बसतं का ते मापायचं, मग खऱ्या वस्तूला हात लावायचा. त्या झाकणाचा डबा कधीच कुठे गेला होता. झाकण खिळ्याला टांगलेलं असे. वरची बाजू अक्षरांवर अक्षरं चढून मुंग्यांनी भरल्यासारखी झाली होती. आतली बाजू तेवढी कोरी होती.

वरच्या मजल्यावर एक तरुण राहायला आला आणि आख्खा जिना घुमायला लागला. त्याने एका खोलीत मशीनं लावली होती. बुटांच्या खोक्याएवढी, दोन्ही टोकांना पंखे, आणि आवाज असा की गिरणीच चालू आहे. खोलीतला गरम वारा एका नळीतून जिन्यात सोडलेला. शेजारपाजारी कुरकुरले. नाववाल्याच्या बायकोने मात्र त्या वाऱ्यात दोरी बांधली आणि धुणं वाळत घातलं. मशीनवाल्याने ते बघितलं, हसला, आणि ‘काकू’ म्हणायला लागला.

“अरे, पण एवढं गरगरतंय कशासाठी?” तिने एकदा विचारलं.

“गणितं सोडवतात काकू. जगभर अशी मशीनं आहेत. कुणी किती नाणी कुणाला दिली ते सगळी मिळून तपासतात. त्या कामाबद्दल मलाही नाणी मिळतात.”

“बघू एखादं.”

“हातात घेता येत नाही. कॉम्प्युटरवरच असतं.”

“म्हणजे वाजवूनसुद्धा घेता येत नाही? आणि खोटं निघालं तर?”

मशीनवाला हसतच वर गेला. नाववाल्याला काही हसू आलं नाही. डोक्यावर चोवीस तास काहीतरी घुमतंय, आणि त्यातून निघतं ते दिसत नाही, या गोष्टीनेच त्याचा घास खाली उतरत नव्हता.

मग एका सकाळी मशीनवाला धावतच खाली आला. आदल्या दिवशी एका मशीनची वायर वितळली होती, भिंत काळी झाली होती. त्याच्या हातात पोलादाची एक जाड पट्टी होती आणि घडी घातलेला कागद.

“काका, मशीनं जळाली तर दुसरी घेईन. पण हा कागद जळला तर मी संपलो. यावरचे बारा शब्द या पट्टीवर कोरून द्या. याच क्रमाने. आणि मी इथेच उभा राहणार हं.”

शब्द अगदी साधे, पोरांच्या चित्रांच्या पुस्तकातले. शिडी, कासव, लिंबू, छत्री, असे. नाववाल्याने भिंग लावलं. तेवढ्यात वरून पुन्हा जळका वास आला. मशीनवाला ‘आलोच’ म्हणून जिन्याकडे पळाला. कागद तिथेच राहिला.

नाववाल्याने नेहमीचंच केलं. बारा शब्द एका पट्टीवर बसवायचे म्हणजे आधी मापायला हवं. झाकण काढलं, उलटं केलं, आणि आतल्या कोऱ्या बाजूवर बाराच्या बारा शब्द क्रमाने कोरले. छान बसले. मग झाकण खिळ्याला लावलं आणि पट्टीवर सुई टेकवली. मशीनवाला परत आला तेव्हा निम्मी पट्टी झाली होती. काम संपल्यावर त्याने तो कागद तिथेच काडी लावून जाळला आणि राख बुटाने चोळली.

“काका, हे विसरून जा. ज्याच्या हातात हे शब्द, त्याची सगळी नाणी. तो चोर असला तरी. बँक नाही, पोलिसात जाऊन उपयोग नाही, गेलं ते गेलं.”

“मी अक्षरं बघतो रे,” नाववाला म्हणाला. “शब्द कुठे वाचत बसू?” आणि ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी कुत्र्याच्या बिल्ल्याचं काम आलं. त्याने सवयीने खिळ्याकडे हात नेला. खिळा रिकामा.

“अगं, माझं झाकण?”

“ते होय? किती खरवडलेलं ते! काल तुम्ही जेवायला आलात तेव्हा दुकान झाडलं. फुटकी बादली, ते झाकण, सगळं भंगारवाल्याला दिलं. नवं देते की घरातलं.”

तेव्हा कुठे त्याला आठवलं, आतल्या बाजूला काय कोरलं होतं ते. बिल्ला खाली पडून घरंगळत जिन्यापर्यंत गेला, त्याला कळलंही नाही.

तो भंगारवाल्याकडे गेला. तिथे पत्र्यांचा, नळ्यांचा, भांड्यांचा डोंगर. “भाऊ, एक झाकण चुकून आलंय.”

“कसलं? डब्याचं की डोक्याचं?” भंगारवाला आपल्याच विनोदावर खूष झाला.

काय कोरलंय ते सांगायची सोय नव्हती. नाववाला उगाच ढिगात हात घालून आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. त्याच्या पुढच्या दिवशीही गेला. आणि तिथेच त्याचं चुकलं. भंगारवाल्याने डोळे बारीक केले. “काका, सोन्याचं होतं की काय? एवढे खेटे घालताय ते? राहू द्या, मी शोधतो. सापडलं की आधी नीट बघून ठेवतो.”

‘नीट बघून.’ ते दोन शब्द घेऊन नाववाला घरी आला. कुणाच्या लक्षातही न येता वितळून गेलं असतं ते झाकण, आणि त्यानेच त्याची दवंडी पिटली होती.

मग त्याला सुचेनासं झालं. जिन्यावर पाऊल वाजलं की वाटे, मशीनवाला आला, गळा धरायला आला. तो ‘काय काका, बरं का?’ म्हणून पुढे गेला की वाटे, अजून कळलेलं नाही, आज कळेल. सांगावं तर तो म्हणणार, तुम्हीच मुद्दाम कोरून ठेवलं. न सांगावं तर प्रत्येक दिवस छातीवर दगड. आणि ते शब्द! कधी न वाचणाऱ्या माणसाच्या डोक्यात ते आता ओळीने फिरत होते. शिडी, कासव, लिंबू. दात घासताना, जेवताना. आपण झोपेत बोललो तर? म्हणून त्याने दुपारची डुलकीही सोडली.

शेवटी हातानेच दगा दिला. शाळेतल्या धावण्याच्या शर्यतीचा कप आला होता. पहिल्या आलेल्या मुलीचं नाव घालायचं होतं. नवं झाकण मापाला घ्यायचा धीरच होत नव्हता, म्हणून त्याने थेट कपावरच कोरलं. मास्तर न्यायला आले, त्यांनी कप फिरवला आणि वाचलं, ‘कासव’.

“अहो, पहिली आलीय ती!” मास्तर म्हणाले.

मास्तर रागारागाने गेल्यावर बायको दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली. कमरेवर हात. “आता सांगता, की मी विचारू?”

त्याने सगळं सांगितलं. ऐकता ऐकता ती पायरीवर बसली. झाकण तिनेच दिलं होतं, तिचाही चेहरा उतरला. पण ती लगेच सावरली.

“वर जा आणि सांगा.”

“तो मला चोर म्हणेल.”

“अजून काही गेलेलं नाही, तोवर सांगितलं तर त्याला सांगणं म्हणतात. गेल्यावर सांगाल ती कबुली होईल. कळतंय का?”

तो बोलणार, तेवढ्यात वरचा आवाज थांबला. एकदम. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा जिना गप्प झाला. दोरीवरच्या चादरी हलायच्या थांबल्या. नाववाल्याने बायकोकडे बघितलं. “गेलं,” तो पुटपुटला. “लुटला बिचारा.”

जिना चढताना त्याने कठडा दोन्ही हातांनी धरला होता. दार उघडंच होतं. मशीनवाला जमिनीवर बसला होता, तोंडाला फडकं, हातात रंगाचा ब्रश, मांडीवर मशीन. पंख्यांतली धूळ झाडत होता.

“या काका. धुळीने गरम होतात, म्हणून बंद केली.”

नाववाला दारातच उभा राहिला आणि एका दमात बोलून मोकळा झाला. झाकण, माप, भंगार, खेटे, सगळं.

मशीनवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो ओरडलाही नाही, तेच भयंकर होतं. ब्रश टाकला, धुळीच्याच हातांनी ड्रॉवरमधून नाण्यांच्या तिजोरीचं किल्लीएवढं यंत्र काढलं, कॉम्प्युटरला जोडलं. दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं.

“आहेत,” तो म्हणाला. “अजून आहेत. नवी तिजोरी करतो, नवे शब्द. जुनीतलं सगळं तिकडे हलवतो. काका, तोंड फिरवा!”

नाववाल्याने भिंतीकडे तोंड केलं. मागे टकटक चालली होती. मग ती थांबली.

“झालं?”

“पाठवलंय. पोचलं नाही अजून. बाकीच्या मशीनांनी होकार द्यायला हवा. तोवर काही खरं नाही.”

दोघंही पडद्याकडे बघत बसले. एक बारीक गोल फिरत होता. मशीनवाला नखं खात होता. नाववाला मनात जुने शब्द म्हणत होता आणि आपल्या आठवणीचा आवाज कुणी ऐकेल म्हणून ओठ दाबून धरत होता. गोल फिरतच राहिला. मग तो गेला आणि तिथे हिरवी खूण आली.

मशीनवाल्याने तोंडावरचं फडकं ओढलं, आणि आता ओरडला. “आज सांगताय? त्याच दिवशी का नाही सांगितलंत? तेव्हाच हलवली असती!”

“भ्यालो रे बाबा.”

मशीनवाल्याने फडक्याला हात पुसले. मग म्हणाला, “कागद तिथे टाकून पळालो ते मीच की.”

दुपारी तो नवी पट्टी घेऊन खाली आला. “काका, सुई द्या. या वेळी मीच कोरतो. तुम्ही बाहेर.”

नाववाला पायरीवर जाऊन बसला, दुकानाकडे पाठ करून. आत सुई किंचाळली. कोरताना हात टेकवायचा असतो, हा दाबून धरत होता, हे आवाजावरून कळत होतं. नाववाल्याने दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरले.

आणि समोरून भंगारवाला आला, हसत, हातात झाकण. “सापडलं बघा! धुऊन आणलंय.”

नाववाल्याने झाकण उलटं केलं. शब्द स्वच्छ चमकत होते.

“मेव्हण्याला दाखवलं,” भंगारवाला म्हणाला. “तो म्हणाला, असे बारा शब्द म्हणजे नाण्यांची तिजोरी असते. मोबाइलमध्ये घालून बघितले आम्ही. मजा म्हणून हो.”

“कधी?” नाववाल्याने विचारलं.

“आत्ताच, जेवून उठल्यावर. रिकामी निघाली.” तो पुन्हा हसला. “एवढ्यासाठी हिंडत होतात होय?”

तिजोरी भरलेली निघाली असती तर मजा कुठवर गेली असती, ते त्याचं त्यालाच ठाऊक. नाववाल्याने झाकण मांडीवर पालथं ठेवलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवले, जसं काही ते अजून उडून जाईल.

आत सुई सटकली. खर्रकन. पट्टीवर आडवी रेघ गेली असणार, चांगली लांब.

“काका,” आतून रडवेला आवाज आला, “हे पुसता येतं का हो?”

“नाही,” नाववाला म्हणाला. मान मात्र त्याने वळवली नाही.